तीन खराट्यांची गल्ली

३ फेब्रुवारी

तीन गावं, तीन अध्यक्ष, एक टेबल. तीन तिघाडा काम बिघाडा — म्हण उगाच नाही पडली! आज संयुक्त कचरा हस्तांतरण केंद्राची पहिली बैठक. मी सचिव. म्हणजे इतिवृत्त लिहायचं, चहा सांगायचा आणि चेहरा सरळ ठेवायचा. तिसरं सगळ्यात अवघड.

केंद्र म्हणजे काय हे तिघांपैकी एकालाही माहीत नाही. मी समजावलं — तिन्ही गावांच्या छोट्या गाड्या तिथे रिकाम्या होणार, कचरा दाबून मोठ्या कंटेनरमध्ये भरायचा, कंटेनर लांबच्या प्रकल्पावर जाणार. वरच्या गावाचे अध्यक्ष बोलण्याआधी पाचदा खाकरतात. मी त्यांना खाकरोबा म्हणतो, मनात. खाकरून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे आमच्या हद्दीत काही उरणार नाही ना?" नाही. "मग हरकत नाही." नदीपलीकडचे अध्यक्ष घड्याळ बघत होते. आमचे अध्यक्षसाहेब हसत होते. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

९ फेब्रुवारी

जागा ठरली! तिन्ही हद्दी मिळतात तिथली पडीक जमीन. कुणाच्याच कामाची नाही म्हणून सगळ्यांना पसंत.

केंद्र सुरू झालं की आमचा कचरा डेपो बंद. मला तेवढंच हवंय. डेपो वर्षभर धुमसतोय आणि धूर थेट आमच्या मागच्या खिडकीत. वडिलांना, म्हणजे आप्पांना, न्हाणीघरापर्यंत जायला मध्ये एकदा बसावं लागतं. डॉक्टर म्हणाले, "औषधं देतोय, पण आधी धूर थांबवा." जसा काही धुराचा नळ माझ्या हातात आहे!

घर सोडायला आप्पा तयार नाहीत. तीस वर्षं याच भागात सफाईचे मुकादम होते. रस्ते फुटांत मोजत नाहीत, खराट्यांत मोजतात. किती जणी एका ओळीत झाडत जाऊ शकतात, तेवढे खराटे. एक खराटा म्हणजे सहा फूट. बाजाराचा रस्ता पाच खराट्यांचा, दवाखान्यामागचा एकाचा, आमची गल्ली तीन.

११ मार्च

आज गेट. केंद्राचं गेट ज्या बाजूला, तिन्ही गावांच्या गाड्या त्या रस्त्याने येणार. झालं! एवढा वेळ एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेले तिघे खुर्च्या मागे सरकवून बसले.

खाकरोबा — "आमच्या बाजूला चढ आहे. भरलेली गाडी चढणार नाही." चढ! नाचता येईना, अंगण वाकडं! घड्याळवाले — "आमचा पूल जुना आहे. कंटेनरचं वजन पेलणार नाही." पूल! उचलली जीभ लावली टाळ्याला. मग आमचे साहेब माझ्याकडे वळले. "आपल्या बाजूचं काय हो?"

आमच्या बाजूला आमची गल्ली. गेट तिथे झालं तर दिवसाला चाळीस गाड्या आप्पांच्या उंबऱ्यावरून जाणार. मी म्हणालो, "गल्ली अकरा फुटांची आहे, साहेब. कंटेनर वळणार नाही."

तसं अगदी खोटंही नाही. उभ्या केलेल्या गाड्या आणि कठड्याच्या कुंड्या धरल्या तर अकराच उरतं. ठराव झाला — गेटबाबत नंतर निर्णय.

२ एप्रिल

नदीपलीकडच्या गावाची इंजिनिअर. पिशवीत कायम टेप. नाव ठेवलं — मोजपट्टी. तिन्ही रस्ते स्वतः मोजणार म्हणते! आमच्या हद्दीत मोजायला आमची परवानगी लागते. अर्ज आला. खणात ठेवला. बसू दे तिथे.

२० मे

निर्णय नाही.

१८ जून

निर्णय नाही. बैठकीत फलकावर कोणाच्या गावाचं नाव आधी, यावर दोन तास. शेवटी फलक गोल करायचं ठरलं. गोल! असली माणसं निवडून कोण देतं?

आप्पा हल्ली उशा लावून बसूनच झोपतात.

२७ ऑगस्ट

ठेकेदार विचारून विचारून थकला — "गेट कुठे सोडू?" उत्तर नाही. मग त्याने सरळ चारी बाजूंनी भिंत बांधून टाकली. आठ फुटी. सलग! आज पाहणीला सगळे गेलो आणि भिंतीभोवती फेरी मारून परत आलो. आत जायला जागाच नाही. मोजपट्टीने तेवढ्यात भिंतही मोजली.

१० नोव्हेंबर

आज घरी बिनगेटाच्या भिंतीची गोष्ट रंगवून सांगितली. खाकरोबाचा चढ, घड्याळवाल्यांचा पूल, सगळ्यांच्या नकला केल्या. ही हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आणि आपल्या बाजूने का नाही गेट?"

"गल्ली अकरा फुटांची आहे ना!"

आप्पा उशांवरून सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "पुढची बैठक कधी आहे?"

"परवा. का?"

"सहज."

१२ नोव्हेंबर

आप्पा बैठकीला आले.

दोन जिने. प्रत्येक वळणावर बसत बसत. शिपायाने सांगितलं, अर्धा तास लागला. मला वाटलं घरी काहीतरी झालं. मी उठेपर्यंत ते दाराची चौकट धरून उभे.

त्याआधी मोजपट्टीने अहवाल वाचला होता. चढ — भरलेल्या गाडीला खरंच धोक्याचा. पूल — कंटेनरच्या निम्म्या वजनाचासुद्धा नाही. "तिसऱ्या रस्त्याचं माप सचिवांकडून मिळालेलं आहे," ती म्हणाली. "मोजायची परवानगी आलेली नाही."

आप्पा म्हणाले, "मी सांगतो. तीस वर्षं झाडून घेतलीय ती गल्ली. तीन खराट्यांची आहे. अठरा फूट. माझ्या मुलाने अकरा सांगितलं असेल, तर खोटं सांगितलं." पुढे श्वास पुरला नाही. मोजपट्टीने खुर्ची दिली, पाणी दिलं. घड्याळवाल्यांनी घड्याळ पाहिलं नाही. खाकरोबा एकदाही खाकरले नाहीत. कोणी हसलंसुद्धा नाही! त्यांच्या जागी मी असतो तर हसलो असतो. लाजेने मान वर होईना.

रिक्षात म्हणालो, "तुमच्यासाठीच केलं, आप्पा. दारावरून दिवसाला चाळीस गाड्या—"

"गाड्या जातात रे," आप्पा म्हणाले. "धूर जातो का?"

उतरताना माझा हात धरला नाही. दारात उभ्या असलेल्या हिचा धरला.

१३ नोव्हेंबर

इतिवृत्त लिहिलं. चढ खरा. पूल खरा. सचिवांनी दिलेले माप खोटे. प्रवेशद्वार सचिवांच्या गल्लीच्या बाजूने, सर्वानुमते. खाली सही केली.

सोमवारी भिंत फोडणार. डेपो बंद व्हायला अजून दोन महिने तरी. आप्पांना पहाटे दवाखान्यात हलवलं, ऑक्सिजनची नळी लावलीय. मार्चपासूनचा सगळा धूर माझा आहे.