चिंध्यांनी निवडलेली बाग

२ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वरवर सगळं खुशाल लिहिलंस. पण गिऱ्हाईक 'बघू' म्हणालं की ते परत येणार की नाही, हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. तुझं 'हे बरे आहेत'ही तसंच ऐकू आलं. शेजाऱ्याने मजले चढवले, तुमच्या परसातलं ऊन गेलं, पाठोपाठ भाऊजींचे गुलाब गेले, आणि आता ते घरच विकायचं म्हणतात. तुला तिथून हलायचं नाही, हे मात्र तू ता. क. मध्ये कोंबलंस. म्हणजे तेच खरं दुखणं.

आमच्या शिंपीमहाराजांना सांग, घर म्हणजे उसवलेली बाही नव्हे, टाकून द्यायला. सावलीलाही रंग असतो. उद्याच्या गाडीने क्रोटनची झुडपं पाठवतो, लाल आणि जांभळ्या पानांची. दुकानाच्या दारात ठेवली, तर गिऱ्हाइकं रंगाचे डबे सोडून त्यांच्याकडेच बघत राहिली. रंगातलं मला कळतं, एवढा भरवसा ठेव.

खरं काय ते लिहीत जा, लपवू नकोस.

तुझा दादा


२० एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

रागावू नकोस. तुझे क्रोटन जगले, पण नवी पानं नुसती हिरवी येताहेत. यांनी बघितलं आणि म्हणाले, तुझ्या दादाचा रंग पहिल्या धुण्यातच गेला की! दादा, गुलाब गेल्यापासून हे पहिल्यांदा हसले. वर म्हणाले, त्याने दारातल्या उन्हात पसंत केले. कापड जिथे वापरायचं, तिथल्याच उजेडात बघावं.

दुसऱ्या दिवशी बघते, तर परसभर काठ्या रोवलेल्या आणि प्रत्येकीला शिवणातली एकेक चिंधी. सकाळी बघतात, दुपारी बघतात, दिवेलागणीला खुर्ची टाकून बसतात. शेजारीणबाईंनी वरून विचारलं, एवढी बुजगावणी कशाला? हे म्हणाले, तुमच्या इमारतीला झबलं शिवायचंय, मापं घेतोय.

सांज झाली की लाल आणि जांभळी चिंधी काळी पडते. पांढरी आणि फिकट पिवळी मात्र शेवटपर्यंत दिसते. पण विक्रीचं काही मागे घेतलेलं नाही. दलाल माणसं घेऊन येणारच आहे. तोवर काय लावू ते कळव.

वहिनीला नमस्कार. आमच्यावरचा जीव आटू देऊ नकोस.

तुझी चिमणी


२८ एप्रिल

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

जन्मभर लोकांना सांगत आलो, डब्यावरचा रंग बघून भिंत रंगवू नका. आणि स्वतः तेच केलं. भाऊजींना म्हणावं, टाका पक्का बसला. क्रोटन पुढच्या उन्हाच्या पायरीवर ने, रंग परत चढेल.

आमच्या नर्सरीवाल्याला चिंध्यांची हकिकत सांगितली. त्याने झाडं काढून दिली: पांढऱ्या कडांच्या पानांची तगर, पिवळ्या पट्ट्यांचं ड्रेसिना, पांढऱ्या फुलांचा हायड्रेंजिया. इमारतीशेजारच्या फटीतून सकाळचं ऊन येतं, त्या कोपऱ्याला अबोली. कुंड्यांसकट पाठवतोय. तू लगेच खड्डे खणू नकोस. कुंड्या ठेव आणि गप्प बस. कुठली कुठे, ते भाऊजींनाच सरकवू दे. तू लावलीस तर बाग होईल. त्यांनी लावली तर घर राहील.

गप्प बसणं तुला जड जाईल, ठाऊक आहे. दादासाठी एवढं कर.

तुझा दादा


११ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

गप्प बसले रे! हे रोज कुंड्या सरकवत राहिले. शेवटी तगर भिंतीच्या कडेने लावली, आणि आता संध्याकाळी कोणी फिकट किनार शिवून दिल्यासारखी ती भिंत दिसते.

काल दलाल आला. बरोबरच्या जोडप्याला घरापेक्षा परसच आवडलं. बाई तर म्हणाल्या, आम्ही झाडांसकट घेतो. आपणच बाग लावून घर विकाऊ केलं की काय!

हे हायड्रेंजियाची कळी न्याहाळत होते. म्हणाले, ही पांढरी निघते की हिरवट, ते कळू दे. बघू. दलालाने विचारलं, मग फुलल्यावर येऊ? हे म्हणाले, तेव्हा छाटणी करायची आहे. छाटणीनंतर? तर म्हणाले, नवी पानं कुठल्या उजेडात कशी दिसतात ते तपासावं लागेल. बघू.

दादा, ते 'बघू' तुझ्या कानांनी ऐकायला हवं होतं. दलालाला मात्र नीट ऐकू गेलं. चपला घालून निघून गेला.

कळी फुलायच्या आत ये, खुर्ची दुसरीही टाकली आहे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी चिमणी