तुमच्या उपासांचं उद्यापन

ती. आई,

नमस्कार शेवटी करीन. आधी भांडायचंय.

आज सकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आल्या होत्या. म्हणाल्या, "सासूबाईंच्या गुरुवारांचं उद्यापन राहून गेलं गं. वर्षाच्या आत सुनेनं करावं." मी त्यांना चहा दिला आणि तोंड बंद ठेवलं, तुम्ही शिकवलंत तसं. त्या गेल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून सुट्टी टाकून लिहायला बसले. हो, सुट्टी टाकून. आता मिळते.

कसलं उद्यापन करू हो आई? तुम्हाला घास गिळता येत नव्हता, त्याचं?

आधी फक्त गुरुवार होता. मग सोमवार आला, चतुर्थी आली, शनिवार आला. आमच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करायचात आणि स्वतः उभ्याउभ्या ताक प्यायचात. मध्येच वरच्या फळीकडे दोन्ही हात उंच करायचात आणि डबा न काढताच खाली घ्यायचात. तसं केलं की अडकलेलं खाली सरकतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत. मी खराडीच्या ऑफिसात कौतुक करत होते, आमच्या सासूबाई या वयात आठवड्याला तीन-तीन उपास करतात म्हणून.

ब्लाउज दंडात ढगळ झाले तेव्हा तुम्हाला ओढून नेलं. पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला. अकॅलेशिया. डॉक्टर म्हणाले, "अन्ननलिकेच्या तळाची झडप उघडतच नाही. वर नळी फुगलीये आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झालीये." तुम्ही विचारलंत, "चिमणीच्या का कावळ्याच्या?" डॉक्टर हसले, मीही हसले. आज ते हसणं आठवलं तरी संताप येतो.

त्यांनी कागदावर तीन चित्रं काढली. तोंडातून फुगा घालून झडप ताणायची, एक-दोन दिवसांत घरी. नाहीतर पोटावर चार-पाच छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून झडपेचा स्नायू कापायचा. किंवा तोंडातूनच दुर्बीण घालून तोच स्नायू आतल्या आत कापायचा. "फुगा सोपा, पण पुन्हा आवळू शकतं," ते म्हणाले. "कापलेलं बहुतेकांना जास्त टिकतं. आंबट वर येण्याचा त्रास होऊ शकतो, त्याला गोळ्या आहेत. तुमची तब्येत ऑपरेशन सोसेल."

तुम्ही त्यांना एकही प्रश्न विचारला नाहीत. माझ्याकडे वळून म्हणालात, "तुझी सुट्टी किती आहे?"

तुमचा लेक मंदार तेव्हा अमेरिकेत, माझ्या ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज पुढच्या आठवड्यात. मी म्हणाले, "दोन दिवस." मागितली असती तर जास्त मिळाली असती. मागितली नव्हती.

तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "फुगा."

मंडईत चार वांगी निवडायला तुम्हाला अर्धा तास लागायचा. आणि इथे एका शब्दात मोकळ्या! मला हायसं वाटलं. लिहूनच टाकते आता, हायसं वाटलं.

काही महिने बरे गेले. भाकरी खाल्लीत, पापड तर कुडुमकुडुम आवाज करत खाल्लात. मग मंगळवार सुरू झाला. "हा कधीपासून?" मी बूट घालता घालता विचारलं. "देवीचा गं. जा तू, कॅब थांबलीये खाली." मी गेले. तुम्हाला खोकला लागला, तर म्हणालात बांधकामांची धूळ. सकाळी तुमची उशी ओली असायची, ती तुम्ही मी उठायच्या आत उन्हात टाकायचात.

मग ताप चढला, दवाखान्यात भरती केलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "अन्न फुप्फुसात गेलंय. गिळायला पुन्हा त्रास कधीपासून होता?" मी म्हणाले, "त्रास नव्हता, उपास होते." तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

नंतर स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवलं. उपासाच्या दिवशी तुम्ही पेन्सिलीनं 'उ' लिहायचात ना, तुमच्या शेवटच्या महिन्याच्या पानावर 'उ'च 'उ' होते. दिवाळीच्या पाडव्यावरही. पाडव्याला कुणाचा उपास असतो हो? त्या दिवशी मला पुऱ्या वाढून "मी बसते मागाहून" म्हणालात. आयुष्यभर आम्हाला खोटं बोलू नका म्हणून दटावलंत, आणि स्वतः देवांना पुढे करून थापा मारल्यात.

एकदा म्हणायचं होतंत, "वैशाली, गिळवत नाही गं." परत नेलं असतं. तेव्हा कापून घेता आलं असतं, दोन वाटा शिल्लक होत्या. पण दुसऱ्यांदाही माझी सुट्टीच आडवी आली ना? तुम्ही विचारलंतच नाही, कारण उत्तर तुम्हाला ठाऊक होतं. ते मीच दिलेलं होतं. सगळा राग तुमच्यावर काढावा म्हणून बसले, आणि दर वेळी इथे येऊन अडते.

उद्यापन मी करणार नाही. काकूंना उद्या स्पष्ट सांगेन, ते उपास नव्हते, आजार होता. त्यांना काय वाटायचं ते वाटो.

तुम्हाला मात्र एक शब्द देते. यापुढे घरातल्या कुणीही मला विचारलं, "तुझी सुट्टी किती आहे?", तर आकडा सांगणार नाही. "आहे," एवढंच म्हणेन.

आता नमस्कार करते.

तुमची सून,
वैशाली