गाठ गेल्याची साक्ष

४ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. संकल्प : यापुढे कुठलाही प्रश्न आला की आधी पवित्र शास्त्र, मग माणसं. पद्धत सोपी. प्रार्थना करायची, डोळे मिटून पुस्तक उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखालचं वचन हेच उत्तर. सुरुवात दुकानापासून केली. कुसळ आणि मुसळाचं वचन आलं. अंगावर काटा आला. चष्म्याच्या दुकानदाराला प्रभूने आणखी स्पष्ट काय सांगायचं! नव्या फ्रेम्सची ऑर्डर देऊन टाकली.

९ मार्च
अंघोळ करताना हिच्या हाताला छातीत गाठ लागली. डाव्या बाजूला, काखेजवळ. हिची बहीण म्हणाली, उद्याच डॉक्टरकडे जाऊ. मेहुणीला सगळ्याचीच घाई. मी म्हटलं, आधी शास्त्राला विचारू.
बोट ठेवलं. वंशावळ आली. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका. पुन्हा ठेवलं. तंबूच्या पडद्यांची मापं. तिसऱ्यांदा आलं : धीर धर. हेच खरं. पहिली दोन हात बसायला लागतात.
ही म्हणाली, तुम्ही म्हणता तर थांबू. बरं वाटलं. हॉस्पिटल दिसलं की मी रस्ता बदलतो, आई गेली तेव्हापासून. पण त्याचा इथे काही संबंध नाही.

२८ मार्च
उपास-प्रार्थना चालू. दर शुक्रवारी कडकडीत. (अंडं चालतं. मनाई कुठे सापडली नाही.) शिवाय तेल. तेल लावून प्रार्थना करा असं शास्त्रात स्वच्छ लिहिलंय. ब्रँड दिलेला नाही, म्हणून स्वयंपाकघरातलंच घेतलं.
दुपारी उपासाने गरगरलं आणि एका गिऱ्हाईकाला उणेऐवजी अधिक नंबरचा चष्मा दिला. तो आमच्याच पायरीवरून पडला. सैतान आडवा येतो तो असा.

१९ एप्रिल
विजय! रोज झोपताना हिला विचारतो, कमी झाली ना? आज चार वेळा विचारलं. शेवटी म्हणाली, हो, झाली असेल, झोपा आता.

२० एप्रिल, रविवार
चर्चमध्ये साक्ष दिली. सगळ्या मंडळीसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की प्रभूने माझ्या पत्नीची गाठ काढून टाकली. टाळ्या. मागच्या बाकावरचे दोन म्हातारे रडले. पाळकसाहेबांनी मात्र विचारलं, डॉक्टरांनी पाहिलं का? पाळक असून विश्वास थोडा कमीच.
ही खाली मान घालून पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. गहिवरली असावी.

१२ मे
ही हल्ली डाव्या कुशीवर झोपत नाही. कुकरही एकट्या उजव्या हाताने उचलते. मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे शंका घेणं.
आज मेहुणी येऊन हिच्यावर ओरडली, अजून का जात नाहीस? ही म्हणाली, कशी जाऊ, हॉस्पिटलातली नर्स आपल्याच मंडळीतली, रविवारपर्यंत सगळ्यांना कळेल, ह्यांची साक्ष खोटी पडेल. मी आतल्या खोलीत होतो. सरळ बाहेर जाऊन सांगावं, जा बाई तू, असं वाटलं. दारापर्यंत गेलोही. मग विचार केला, आता माघार घेतली तर लोकांच्या विश्वासाचं काय? आपल्याला लोकांचाही विचार करावा लागतो.
परत येऊन बोट ठेवलं. ऊठ आणि चालू लाग, असं आलं. संध्याकाळी फिरायला गेलो.

२ जून
पाळकसाहेब दुकानात आले. चष्म्याची काडी सैल. मी जनरल विषय काढला : समजा एखाद्याला साक्ष परत घ्यायची असेल तर? म्हणाले, साक्षीचं मी बघतो, तुम्ही बाईंना डॉक्टरकडे न्या, तुमच्या मेहुणी मला भेटून गेल्यात. झालं! घरची अब्रू वेशीला टांगली. काडी बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. उद्या दुकान लवकर बंद करून हिच्याशी बोलायचं, नक्की.

३ जून
लवकर आलो तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, मेहुणी आणि पाळकसाहेब हिला हॉस्पिटलला घेऊन गेले. मीही गेलो. बाहेर दोन चकरा मारल्या, मग आत.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाठ कधी लक्षात आली? मेहुणीने माझ्याकडे पाहिलं. ही पटकन म्हणाली, आत्ताच, गेल्या आठवड्यात. मी मान हलवली. सुटलो असं वाटलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

११ जून
आज ऑपरेशन. रिपोर्ट चांगला नाही. पसरलंय, किती ते उघडल्यावरच कळेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गडबडीत शास्त्र घरीच राहिलं.
आत न्यायच्या आधी ही म्हणाली, अहो, प्रार्थना करा ना. इतकी वचनं तोंडपाठ, एक आठवेना. मग तिनेच डोळे मिटले. स्वतःसाठी काही मागितलं नाही. म्हणाली, प्रभू, ह्यांना भीती फार वाटते, ह्यांना एकटं पाडू नकोस, आणि उपाशी झोपू देऊ नकोस.
मी आमेन म्हणालो तोवर दार बंद झालं होतं.