कृपया उभे राहा

१२ जून

चि. खटपट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं खेळाचं यंत्र पोचलं. फोनवर आपलं बोलणं लगेच भांडणावर जातं, म्हणून लिहूनच कळवते. ह्यांनी टीव्हीखाली कॅमेरा बसवला, टीपॉय भिंतीला सरकवला. चिमीने टेनिस लावलं. माझी पाळी आली तर पडद्यावर अक्षरं उमटली, ‘कृपया उभे राहा’. हात हलवला, पुन्हा तेच. अपघातानंतर ह्या खुर्चीत बसायला लागल्यापासून इतक्या नम्रपणे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी हे माझ्या मागे उभे राहिले, तर यंत्राने ह्यांनाच धरलं. खेळले हे, जिंकले म्हणून नाव माझं. चिमी आधी पोट धरून हसली. मग थोडा वेळ एकटीच खेळली आणि टीव्ही बंद करून आत गेली.

मला तिच्याबरोबर खेळायचं होतं रे, एवढंच. हे सगळं बनवताना तुझ्या डोक्यात मी एकदाही आले नाही?

प्रकृतीला जप. लोभ आहे, सध्या जरा कमी.

तुझी ताई


२३ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कान गरम झाले. कॅमेरा माणूस ओळखतो तो खांदे, गुडघे, पावलं अशी जुळवाजुळव करून. तुझे गुडघे पुढे, हात चाकांवर, त्यामुळे तू त्याला खुर्चीसकट फर्निचर वाटतेस. भावोजींना हे सांगू नको, वर्षभर चिडवतील.

साहेबांना विचारलं तर म्हणाले, अशी गिऱ्हाइकं असतात किती? एक माझ्याच घरात आहे म्हटलं. त्यांना नाही म्हणायची सवड न देता मी आठवडाभर खपून यंत्राला खुर्ची विसरायला शिकवलं. आता ते फक्त कमरेवरचं बघेल. नवी आवृत्ती सोबत पाठवतो. आता तरी शाबासकी दे.

चिमीला पापा. भावोजींना नमस्कार. राग धुऊन टाक.

तुझा धाकटा


९ जुलै

चि. खटपट्यास आशीर्वाद.

शाबासकी मिळणार नाही. यंत्र आता उभं राहा म्हणत नाही, कबूल. पण पडद्यावर माझ्या नावाने एक धडधाकट बाई दोन पायांवर खांब होऊन उभी असते, आणि चेंडू तिच्या हातातच आणून दिल्यासारखा येतो. चिमीच्या ते लगेच लक्षात आलं. ती मुद्दाम चेंडू सोडायला लागली. माझी लेक मला जिंकू देत होती. मी हसून दाखवलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

दूध उतू जायच्या आत मी दिवाणखान्यातून ओट्याशी पोचते. दारात गर्रकन वळते, पाहिजे तिथे जागच्या जागी थांबते. तुला मी हलते हे दिसतच नाही का? तू खुर्ची पुसलीस आणि तिच्याबरोबर मलाही अर्धी पुसलीस.

शाळेला पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे. मुलांना भूगोल शिकवून घसा बसलाय, तरी तुझ्या ऑफिसात येऊन हे तुझ्या डोक्यात घालणार आहे. तयारीत राहा.

रागावलेली तरी तुझीच,
ताई


३० ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू येऊन गेल्यापासून लिहायला तोंड नव्हतं. मी रोज चढतो त्या दारातल्या पायऱ्या, तू खाली थांबलीस तेव्हा मला पहिल्यांदा दिसल्या. रखवालदार उचलून नेतो म्हणाला आणि तू नको म्हणालीस, ते बरोबरच केलंस. यंत्र खाली गाड्यांच्या जागेत आणलं नसतं, तर तुझं ते पाठीमागे वळून चेंडू गाठणं मला कधी कळलंच नसतं.

त्यावरूनच चाकाच्या आऱ्यांना बांधायची काडेपेटीएवढी डबी बनवली. चाक किती फिरलं, कुठे थांबलं, ते ती यंत्राला कळवते. पडद्यावर आता खुर्चीच दिसते, आणि चेंडू मैदानभर पळवतो. साहेबांनी खेळून बघितलं, छान आहे म्हणाले, आणि बाजारात कमरेवरचीच आवृत्ती पाठवायचं ठरवलं. डब्यांना वेळ नाही, जाहिरात छापून झालीय. तीत एक बाई खुर्चीत बसून नुसती हसते आहे.

मी भांडलो. आवाज चढला. आता मला मोटारींच्या शर्यतीच्या खेळावर टाकलंय. माझ्याकडच्या दोन डब्या पाठवतो. कोणाला विचारलेलं नाही.

तुझ्या रागाला पात्र,
धाकटा


१८ सप्टेंबर

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

तुला कामावरून हलवलं हे वाचून ह्यांच्यावर उगीचच खेकसले. मी व्यायामाला जाते तिथल्या, माझ्यासारख्याच खुर्चीतल्या दोघी ती जाहिरात बघून खेळ घेऊन आल्या. आता खांब होऊन बसतील. त्यांना काय सांगू, ते मला कळत नाही. तुझ्या साहेबांना मी चांगलं खरमरीत लिहिलंय. पायऱ्यांबद्दलही. उत्तर आलेलं नाही, येईलसं वाटतही नाही.

डब्या बांधल्या. पहिल्या दिवशी सोफ्यावर आदळले, दिव्याचा स्टँड पाडला. मग हात बसला. काल चिमी हरली. पुन्हा डाव मांडला, पुन्हा हरली. जीव तोडून खेळत होती, चेहरा लाल. शेवटी फुरंगटून बसली. म्हणते, आईला चाकं आहेत म्हणून ती आधी पोचते, ही लबाडी आहे, मामाने मलाही चाकं द्यावीत नाहीतर आईची काढून घ्यावीत. हे समजूत घालायला गेले, तर तिने त्यांनाही चार शब्द ऐकवले. माझ्या चाकांचा आजवर कोणी हेवा केला नव्हता.

ती तुझ्याकडे तक्रार करणार आहे. नीट ऐकून घे, पण काहीही बदलू नको.

माया आहे तशीच ठेव.

तुझी ताई