आग कुणी लावली

धारूर, मंगळवार, १९ एप्रिल

वणव्याचा वन्यजीवांवर काय परिणाम होतो, हे नोंदवायला लावणारा नवा कायदा आलाय. वनरक्षक म्हणून त्याचा फॉर्म घेऊन आज जळालेल्या डोंगरावर गेले. तितराची सहा अंडी, सगळी तडकलेली. सोबत चारा सोसायटीच्या अध्यक्षा सरूमावशी. त्यांना आगीचं कारण विचारलं.

"आमीच लावली की. जाळल्याबिगर नवं गवत फुटतंय व्हय?"

पाऊसच नाही, फुटणार कुठून? फॉर्मात यांचं नाव लिहिलं, तर सोसायटीचा गवत कापायचा परवाना जाईल. या दुष्काळात?

सहा अंडी.

"लिव काय लिवायचं ते. अंडी मोजून आमची म्हसरं जगत न्हाईत, बाई."

लिहिलं: गवतासाठी मुद्दाम लावलेली. लावणारे: माहीत नाही. पहिलं खरं आहे. सही दोन्हींखाली एकच.