सनदेची मागची बाजू

आबा,

आज पुन्हा कचेरीत जाऊन आले. कारकून आता मला ओळखतो. पिशवीतून फ्रेम काढायच्या आधीच म्हणाला, "मावशी, पुढची बाजू पाठ झाली मला. नकाशा आणि अटी मागे असतात, त्या दाखवा. आमच्याकडची प्रत वाळवीनं खाल्ली, सांगितलं ना?" मी म्हटलं, "मागं फळी चिकटवलीय." तो म्हणाला, "मग फळीला वारस म्हणून लावू काय?" रांगेतले हसले. मीही हसले.

घरजागेची ती सनद मिळाली तेव्हा आपण बदलापूरहून थेट उल्हासनगरला गेलो, फ्रेमवाल्याकडे. तुमच्या अंगात कंपनीचा खाकी सदरा, आणि कागद दोन्ही हातांवर, भरलेलं ताट धरावं तसा. सरकारनं तुमच्या नावाआधी पहिल्यांदाच 'श्री' लिहिलं होतं. सिंधी म्हाताऱ्यानं खळीचा ब्रश उचलला. "साईं, पीछे कुछ लिखा है? चिपका दिया तो फिर निकलेगा नहीं." तुम्ही छाती काढून म्हणालात, "हमारी लडकी को पूछो. वो पढती है." मी दुसरीत शाळा सोडलेली. घरी वर्तमानपत्रातली चित्रं बघत बसायचे, तुम्हाला वाटायचं वाचतेय. मी कागद उलटा केला. बारीक छापलेलं काहीतरी, खाली रेघा. म्हणाले, "काही नाही, नुसत्या रेघोट्या."

वाचायला मी त्या सनदेवरच शिकले, हे तुम्हाला कधी कळलं नाही. बुद्धाच्या तसबिरीशेजारी ती टांगलेली. मी भाकरी थापते आहे, तुम्ही ओट्यावर बसला आहात, आणि मी मान वर करून एकेक अक्षर जुळवते आहे. आधी तुमचं नाव, मग गावाचं, मग 'शासन'. पुढे मिळेल ते वाचत सुटले. किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा सोडले नाहीत.

नवरा गेल्यावर मी तुमच्याकडे परत आले. आता तुम्हीही नाही. मागची भिंत बाहेर कललीय, बांबू लावून धरलीय. शेजारणीच्या सनदेच्या मागे अटी आहेत, त्या मी वाचल्यात; आपल्या सनदेवरही त्याच असणार. वारसाचं नाव लागल्याशिवाय बांधकाम करायचं नाही. जागा सोडून गेलं तर ती सरकारजमा. नकाशा मात्र ज्याचा त्याचा वेगळा, तो बघितल्याशिवाय नाव लागत नाही. वांगणीहून लेक सांगते, "आई, कुलूप लाव आणि ये इकडे." कुलूपच तर लावता येत नाही. तिच्या बाळंतपणातही मी चौथ्या दिवशी परत आले.

परवा फ्रेम उघडली. परातीत पाणी घेऊन फळीचा एक कोपरा भिजवला. ओल चढत तुमच्या नावापर्यंत गेली आणि 'श्री'ची निळी शाई पसरायला लागली. मी पदरानं टिपून घेतलं, काच बसवली, परत खिळ्याला लावली.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून एक सांगते. शेजारणीची सनद मी वाचली ती तुम्ही गेल्यावर नाही. तेव्हा तुम्ही चांगले हिंडतफिरत होता. कचेरीतली प्रत तेव्हा शाबूत होती; तुमच्या एका अर्जावर दुसरी मिळाली असती. सांगायचं ठरवूनच मी घरात शिरले. तुम्ही धोतराच्या सोग्यानं फ्रेमची काच पुसत होता. म्हणालात, "वाच गं एकदा, ऐकू दे."

मी पुढची बाजू वाचली.