समोरच्या घराची भाडेसवलत आणि पलंगामागची भिंत

प्रति,
मा. भाडे निर्धारण अधिकारी,
घरभाडे तंटा निवारण कार्यालय,
पहिला मजला, टपाल कार्यालयाच्या वर.

विषय : भाडेकरूने स्वतः घर रंगवल्यास मिळणारी भाडेसवलत समोरच्या घराला देऊन मला नाकारल्याबाबत.

संदर्भ : १) माझा पूर्वीचा अर्ज, ज्यावर आपण पाहणीचा आदेश दिला.
२) आपल्या निरीक्षकांनी दोन्ही घरांची केलेली पाहणी.

महोदय,

मी दुसऱ्या मजल्यावरील डावीकडच्या घराची भाडेकरू असून रुग्णालयाच्या धुलाई विभागात पर्यवेक्षक आहे. उजवीकडच्या, म्हणजे माझ्या समोरच्या घरात माझे धाकटे दीर व जाऊबाई राहतात. दोन्ही घरांचे क्षेत्रफळ सारखे, खिडक्या सारख्या, घरमालक एकच आणि गेल्या वर्षापर्यंत भाडेही एकच होते. आज त्यांचे भाडे पाचव्या हिश्श्याने उतरले आहे आणि माझे चढले आहे. दोन्हीचे कारण रंग हेच आहे. हे कसे घडले ते क्रमाने मांडते.

१. माझ्या मागच्या खोलीच्या भिंतीला ओल होती. त्या खोलीत सासूबाई झोपतात. त्या अर्धे वर्ष माझ्याकडे आणि अर्धे वर्ष समोर असतात. मामंजी गेल्यापासून हीच रीत आहे. ओलीमुळे त्यांना खोकला होऊ लागला म्हणून मी सुट्ट्या टाकून जुना पापुद्रा खरवडला, पुट्टी भरली, प्रायमर दिला आणि फिक्या पिस्ता रंगाचे दोन हात मारले. सामान माझे, मेहनत माझी. माझ्या यजमानांनी शिडी धरली आणि सूचना केल्या.

२. घरमालकांची संमती घेतली नाही, असे आपल्या निरीक्षकांचे म्हणणे आहे. त्यावर माझा खुलासा असा. आमचे घरमालक तळमजल्यावर राहतात व भाडे घ्यायला स्वतः वर येतात. ते कधी 'हो' म्हणत नाहीत आणि 'नाही' असेही म्हणत नाहीत. भाडेकरूने केलेला बदल पसंत पडला तर ते दारातल्या खुर्चीवर बसून पाणी मागतात. पसंत नसेल तर पावती देऊन उभ्याउभ्या निघून जातात. पहिल्या मजल्यावरील कवळी बनवणाऱ्या कारागिरांच्या खिडकीची जाळी याच पद्धतीने मंजूर झाली आणि गच्चीवरच्या शिक्षिकाबाईंचा पत्रा याच पद्धतीने उतरवावा लागला. इमारतीत याबद्दल दुमत नाही. माझी भिंत पाहून घरमालकांनी पाणी मागितले, पेला रिकामा केला आणि आणखी अर्धा पेला मागितला. याहून स्पष्ट संमती इमारतीत कोणालाही मिळालेली नाही. निरीक्षकांनी लेखी पुरावा विचारला तेव्हा मी त्यांना तो पेला दाखवला. त्यांनी त्याची नोंद घेतली नाही.

३. पुढच्याच महिन्यात घरमालकांनी माझे भाडे वाढवले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते : "घर आता चार लोकांना दाखवण्यासारखं झालंय. भाडंही तसंच नको का?" म्हणजे भिंत त्यांची, ओल त्यांची, रंग माझा आणि वाढ मलाच. याला काय म्हणावे ते आपण ठरवावे.

४. त्यानंतर सासूबाईंची समोर राहण्याची पाळी आली. जाऊबाईंनी माझी खोली पाहिली होतीच. त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "ताई, रंगाचा नंबर देता का? आईंना तुमच्या खोलीची सवय झालीये, इकडं त्यांना चुकल्यासारखं होईल." मी नंबर दिला. रोलर दिला. उरलेली पुट्टीही दिली. जाऊबाई कुरिअर कार्यालयात कामाला आहेत आणि सही घेतल्याशिवाय पाकीट सोडत नाहीत. घरमालक भाड्याला आले तेव्हा त्यांनी आधी कागद पुढे केला आणि मग पाण्याचा पेला. कागदावर असे होते की सामान व मजुरी भाडेकरूची, त्या बदल्यात वर्षभर पाचवा हिस्सा भाडे माफ, मात्र या काळात भिंती स्वच्छ ठेवाव्यात, डाग पडल्यास सवलत बंद. घरमालकांना तहान लागली होती. त्यांनी सही केली.

असा कागद करणे वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. काम सुरू होण्याआधी दोघांनी बसून काय करणार, कोणाच्या खर्चाने आणि किती दिवसांची सूट हे ठरवावे, हे मलाही न्याय्य वाटते. पण तो कागद ज्या भिंतीकडे पाहून सुचला ती भिंत माझी आहे. मी खड्डा खणायचा, पाणी लागल्यावर दोर दुसऱ्याने टाकायचा आणि मला तहानेची पावती.

५. येथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे, जी मी पूर्वीच्या अर्जात लिहिली नव्हती. जाऊबाईंना उंचीची भीती वाटते. दुसऱ्या पायरीवर त्यांना घेरी येते. दीर लिफ्टदुरुस्तीचे काम करतात, त्यांना शिडीचे काय वाटणार, पण त्या आठवड्यात त्यांची दुपारपाळी होती. सबब समोरच्या मागच्या खोलीचे छत मी रंगवले आहे. मान वर करून, दोन हात. जाऊबाई खाली उभ्या राहून "ताई, तो कोपरा राहिला" असे सांगत होत्या. तेव्हा ज्या कामासाठी त्यांना सवलत मिळते त्यातील छत माझे आहे. चार भिंती व एक छत असा विचार केल्यास सवलतीचा पाचवा हिस्सा मला देय होतो.

ही मागणी ऐकून माझ्या यजमानांनी मला विचारले, "तुला सवलत मिळायला हवीये, की तिची जायला हवीये?" हा प्रश्न या अर्जाच्या कक्षेत येत नाही.

६. निरीक्षक आले त्या दिवशी माझ्या घरी भिंतीवर हात फिरवून ते म्हणाले, "काल रंगवल्यासारखी आहे हो." हे वाक्य त्यांच्या टिपणात असावे अशी अपेक्षा आहे. भिंत तशी राहण्याचे कारण मी ती तशी राखते. सासूबाईंच्या पलंगामागे मी जाड प्लॅस्टिकचा कागद लावलेला आहे, जेणेकरून डोक्याचे तेल भिंतीला लागू नये. आमच्या विभागात गाद्यांना घालतात तोच. नंतर निरीक्षक समोर गेले. तेथे ते बराच वेळ होते. माझ्या घरी त्यांनी काही घेतले नाही, समोर मात्र चहा घेतला, हे मी माझ्या दारातून पाहिले.

७. समोरचे दार उघडे असताना मागच्या खोलीच्या आतल्या भिंतीवर एक डाग जिन्यातूनही दिसतो. सवलतीवरून जाऊबाईंशी माझे भांडण झाल्यापासून मी त्यांच्या उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवलेले नाही. पण माझे आयुष्य डाग ओळखण्यात गेले आहे, आणि तेलाचा डाग मी लांबून ओळखते. रक्त, हळद, औषध, शाई, प्रत्येकाची कड वेगळी असते. हा डोक्याच्या तेलाचा असून रोज त्याच जागी टेकल्याने पडलेला आहे. माझे दीर लहानपणापासून भिंतीला डोके टेकून बसतात, हल्ली हातात मोबाइल असतो एवढाच फरक. डाग त्यांचाच आहे याबद्दल मला शंका नाही. करारातील अटीनुसार डाग पडताच सवलत बंद व्हायला हवी होती. ती चालू आहे. घरमालक तेथे पाणी पितात.

८. आता मूळ तक्रारीकडे येते. सासूबाईंची समोरची पाळी संपून बरेच दिवस झाले. त्या परत आलेल्या नाहीत. मी दोनदा निरोप पाठवला. एकदा म्हणाल्या, "येते गं, गुडघा जरा बरा होऊ दे." दोन दारांमध्ये पायरीसुद्धा नाही. एकदा म्हणाल्या, "इथं बरं आहे. तुला कशाला त्रास?" मी त्यांना कधी त्रास म्हटलेले नाही. त्यांच्या खोकल्यासाठी ओल मी काढली. रंग मी निवडला. त्या रंगाखाली त्या आता समोर बसतात, संध्याकाळी त्यांचे हसणे मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते, आणि माझी खोली काल रंगवल्यासारखी आहे. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो प्रकार आहे. सवलतीमुळे समोर पैसे उरतात, त्यातून जाऊबाईंनी सासूबाईंसाठी नवी गादी आणली. म्हणजे भाड्याच्या सवलतीचा संबंध थेट सासूबाईंच्या मुक्कामाशी पोहोचतो आणि तो विषय आपल्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, असे माझे मत आहे.

सबब विनंती की,
(अ) मला समोरच्या इतकीच सवलत मिळावी व भाडेवाढ रद्द व्हावी;
(आ) ते शक्य नसल्यास छतापोटी समोरच्या सवलतीतील हिस्सा मिळावा;
(इ) तेही शक्य नसल्यास परिच्छेद ७ मधील डागामुळे समोरची सवलत रद्द व्हावी, मग मला काही नाही मिळाले तरी चालेल;
(ई) सासूबाईंनी पाळीप्रमाणे माझ्या घरी यावे, असे आपल्या सही-शिक्क्याचे पत्र द्यावे.

पुरवणी

वरील अर्ज लिहून झाल्यावर डागाचे मोजमाप सोबत जोडावे असे मला वाटले. आपल्या कार्यालयात मोघम चालत नाही. दुपारी दीर-जाऊबाई कामावर असताना मी टेप घेऊन समोर गेले. सासूबाईंनी दार उघडले. म्हणाल्या, "आलीस? ये." एवढेच.

मागच्या खोलीत गेले तर पलंग पूर्वीच्या जागी, म्हणजे खिडकीपाशी नव्हता. तो आतल्या भिंतीला लावलेला होता आणि डाग त्याच्या बरोबर वर होता. सासूबाई पलंगावर बसल्या व विचारू लागल्या, "काय मोजतेस गं?" मी म्हटले, कामाचे आहे. त्या म्हणाल्या, "मग एक टोक मी धरते." त्यांनी टेपचे टोक धरले. जमिनीपासून डागापर्यंतची उंची मी वाचली. मग टोक नीट धरता यावे म्हणून त्या मागे टेकल्या आणि त्यांचे डोके डागात बसले. टोपीत डोके बसावे तसे.

दिरांविषयी परिच्छेद ७ मध्ये जे लिहिले आहे ते चुकीचे आहे.

मी विचारले, इकडे भिंतीला कागद लावला नाही का? त्या म्हणाल्या, "हिनं लावू दिला नाही. म्हणाली, डाग पडला तर पडला, सवलत गेली तर गेली, आईंना टेकायला नको का." मग म्हणाल्या, "तुझ्याकडं टेकलं की कागद वाजतो. तू दिवसभर दमलेली असतेस, झोप मोडेल तुझी. म्हणून मी तिकडं ताठच बसते. मान धरते थोडी. पण भिंत कशी छान राहिलीये तुझी."

ही माहिती पाहणीत आलेली नसल्याने कळवणे मला आवश्यक वाटले. निरीक्षकांनी समोर चहा कोठे बसून घेतला, हे मी सासूबाईंना विचारले. याच पलंगावर, असे त्यांनी सांगितले. डाग त्यांनीही पाहिला असणार आणि लिहिला नसणार.

त्यानुसार वरील मागण्यांत पुढीलप्रमाणे बदल करावा. परिच्छेद ७ वाचू नये. आपण तो एव्हाना वाचला असेल, तर विसरावा. मागणी (इ) व (ई) मागे घेत आहे. मागणी (आ) बाबत जाऊबाई व मी आपसात पाहून घेऊ, छत मात्र मीच रंगवले आहे ही नोंद राहावी. समोरचा करार आहे तसाच चालू ठेवावा, फक्त त्यातील डागाची अट काढून टाकण्यास घरमालकांना सांगावे. मागणी (अ) कायम आहे. माझ्याशीही तसाच करार व्हावा, कागद आधी आणि पाणी नंतर, आणि माझ्या करारात डागाविषयी एक वेगळे कलम असावे. यावेळी मी काम होण्याआधी विचारत आहे :

डावीकडच्या घराच्या मागच्या खोलीत, पलंगामागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, तेलाचा एक डाग पडण्यास घरमालकांची आगाऊ लेखी संमती मिळावी. तो पुसण्याची, झाकण्याची अथवा त्यावर रंग देण्याची सक्ती माझ्यावर नसावी.

तो समोरच्यापेक्षा मोठा पडला, तरी हरकत घेतली जाऊ नये.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,

(सही)
दुसरा मजला, डावीकडचे घर
दिनांक : चालू महिन्याचे भाडे दिले तो दिवस

सोबत :
१. वाढीव भाड्याची पावती.
२. पिस्ता रंगाच्या डब्यावरील चिठ्ठी, नंबरासह.
३. समोरच्या भिंतीवरील डागाचे मोजमाप. (जोडलेले नाही.)
४. पलंगामागचा प्लॅस्टिकचा कागद, घडी घालून. कार्यालयाने तो परत पाठवू नये.